मृगजळ : तहान कोणाची, पाणी कोणाचे?

मुंबईत स्वतःचे घर हे सामान्य माणसाला मृगजळच. दुष्काळी तालुक्यांचे पाणी पुन्हा मृगजळ ठरले. कायमस्वरूपी नोकरी म्हणजे मृगजळ. अशा धर्तीची वाक्ये मराठी वर्तमानपत्रांत, भाषणांत आणि घरगुती बोलण्यातही इतकी रुळली आहेत की, त्यांत काही खटकावे असे कुणाला वाटत नाही. 'जे हवे आहे पण मिळणार नाही ते मृगजळ' हा या शब्दाचा आजचा सरळ अर्थ. पण हा त्याचा मूळ अर्थ नव्हे. मृगजळ म्हणजे न मिळणारे पाणी नव्हे, तर नसलेले पाणी. 'न मिळणे' आणि 'नसणे' यांतले अंतर कसे पुसले गेले आणि ते पुसले गेल्याने आपल्या विचारात कोणता घोटाळा झाला, हे पाहण्यासाठी या शब्दाच्या मुळापर्यंत जाणे भाग आहे.

संस्कृतात या दृश्याला नावे पुष्कळ आहेत. अमरकोशात 'मृगतृष्णा' आणि 'मरीचिका' हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. 'मृगतृष्णिका', 'मरीच्युदक' आणि 'मृगजल' हेही संस्कृतातलेच. म्हणजे 'मृगजळ' हा शब्द मराठीने घडवलेला नाही. मराठीने तो अनेकांतून निवडला आहे. हिंदीने 'मृगतृष्णा' आणि 'मरीचिका' हे शब्द जवळ केले, बंगालीने 'मरीचिका'. गुजरातीत 'मृगजळ' आहे, शिवाय 'झांझवानां जळ' असा खास देशी प्रयोगही आहे. तमिळमध्ये 'कानल नीर', म्हणजे उन्हाचे पाणी. कन्नडमध्ये मात्र पाणीही नाही आणि हरीणही नाही. तिथला शब्द आहे 'बिसिलुगुदुरे', उन्हाचा घोडा. तापल्या माळावर जे थरथरत धावताना दिसते त्यात कन्नड माणसाला घोडा दिसला.

या नावांकडे नीट पाहिले तर प्रत्येकाने त्या दृश्यातला एकेक भाग उचललेला दिसतो. 'मरीचि' म्हणजे किरण. 'मरीचिका' हे नाव प्रकाशावरून पडले. 'मृगतृष्णा' हे पाहणाऱ्याच्या घशावरून पडले, कारण त्यात पाणी नाहीच, फक्त तहान आहे. 'मृगजळ' या नावात तहान गेली आणि पाणी आले. एकाच घटनेची ही तीन नावे दोष तीन ठिकाणी ठेवतात. मरीचिका म्हणते की, खेळ उन्हाचा आहे. मृगतृष्णा म्हणते की, खेळ तहानेचा आहे. मृगजळ म्हणते की, ते पाणीच तसले आहे.

'मृग' या शब्दाचीही थोडी चौकशी करायला हवी. आज आपण त्याचा अर्थ हरीण असा घेतो, पण जुन्या संस्कृतात मृग म्हणजे कोणताही रानपशू. मृगराज हा हरणांचा राजा नव्हे, आणि शाखामृग म्हणजे माकड. शिकारीला मृगया म्हणतात तेही याच व्यापक अर्थाने. वैयाकरण हा शब्द 'मृग्' म्हणजे शोधणे या धातूशी जोडतात. शोधणारा तो मृग की ज्याचा शोध घेतला जातो तो मृग, हा प्रश्न त्या धातूतच राहतो. इराणी शाखेत याच शब्दाचा भाऊबंद पक्ष्याच्या अर्थाने वाढला. अवेस्तात 'मॅरॅघ' म्हणजे पक्षी, त्याचा फारसीत झाला 'मुर्ग', आणि तो आता हॉटेलच्या खाद्यपत्रिकेत मुर्ग मुसल्लम होऊन बसला आहे. सिंधुदुर्गात मृग नक्षत्र लागले की 'मिरगा'ला कोंबड्याची राखण देतात. हे दोन भाऊबंद एका ताटात यावेत हा निव्वळ योगायोग, पण शब्दांचा नाद असणाऱ्याला तो सोडवत नाही.

हरणाच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. पाण्याच्या भासामागे धावून ऊर फुटून मरणारे हरीण हे कवींचे हरीण आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या किंवा कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या माळावरचे काळवीट पाणवठा कुठे आहे हे पक्के ओळखून असते. चिंकारा तर झाडपाल्यातल्या ओलाव्यावर पाण्यावाचून दीर्घकाळ काढू शकतो. या प्राण्यांना उन्हाने फसवल्याचे कुणी पाहिलेले नाही. फसतो तो माणूस, नाव मात्र हरणाचे. अरबीतून उर्दूत आलेल्या 'सराब' या शब्दात असले कोणतेही जनावर नाही. कुराणाच्या 'नूर' या सूऱ्यात सराबाची उपमा येते, तिथे तहानलेला जीव थेट माणूसच आहे.

डोळ्यांनी जे दिसते त्याविषयी भारतीय तर्कशास्त्राने केलेली मांडणी आश्चर्य वाटावे इतकी नेमकी आहे. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात प्रत्यक्ष प्रमाणाची व्याख्या समजावताना हेच उदाहरण घेतले आहे. ग्रीष्मात सूर्याचे किरण जमिनीच्या उष्म्यात मिसळून थरथरतात, दूरच्या माणसाच्या डोळ्यांशी त्यांचा संबंध येतो आणि त्याला 'पाणी' असे ज्ञान होते, हे त्याच्या म्हणण्याचे सार. इथे किरण खरे, उष्मा खरा, थरथर खरी, डोळ्यांशी आलेला संबंधही खरा. चुकले ते फक्त 'पाणी' हे नाव. आजचे पदार्थविज्ञान याहून फार वेगळे सांगत नाही. जमिनीलगतची हवा तापून विरळ होते, वरून तिरप्या येणाऱ्या प्रकाशाला ती वाकवते, आणि आकाशाचा तुकडा जमिनीवर पडल्यासारखा दिसतो. नेपोलियनच्या इजिप्तवरच्या स्वारीबरोबर गेलेल्या गास्पार मोंज या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७९८ च्या सुमारास तिथल्या वाळवंटात हे पाहून त्याचा उलगडा मांडला. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर पुढे जे ओले दिसते त्याचे छायाचित्रही निघते. म्हणजे तो मनाचा भ्रम नाही. आपण आकाश पाहत असतो आणि त्याला पाणी म्हणत असतो.

बौद्धांनी आणि वेदान्त्यांनी या दृश्याचा वापर वेगळ्या कामासाठी केला. पाली सुत्तांत रूप फेसासारखे, वेदना बुडबुड्यासारखी आणि सञ्ञा, म्हणजे वस्तूला ओळखून नाव देणारी जाणीव, मरीचिकेसारखी सांगितली आहे. चूक नाव देण्यात आहे हे तिथेही अचूक पकडले आहे. शंकराचार्यांच्या गीताभाष्यात, तेराव्या अध्यायात, मरीच्युदक येते ते जमिनीची बाजू घेण्यासाठी: त्या पाण्याने खारवट जमिनीचा चिखल होत नाही, तसा अविद्येने आत्मा मळत नाही. ज्ञानदेव याच सामग्रीकडे शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहतात. पंधराव्या अध्यायात संसारवृक्षाचे खोटेपण सांगताना ते विचारतात की, मृगजळाची तळी लांबून न्याहाळावीत हे ठीक, पण त्या पाण्यावर कुणी साळी-केळी लावील का? शंकराचार्यांना काळजी जमीन भिजते की नाही याची. ज्ञानदेवांना काळजी त्या पाण्यावर पीक निघेल का याची. मराठीतल्या मृगजळाला शेतीचा वास लागला तो असा.

याच ज्ञानदेवांच्या भाषेत मृगजळाला आणखी एक नाव आहे: रोहिणी. 'रोहिणीचे जळ' हा जुन्या मराठीतला प्रयोग पुढे मागे पडला आणि आज टिपेवाचून कळत नाही. हे नाव कुठून आले असावे? एक वाट हरणाच्या कळपातून जाते. संस्कृतात 'रोहित्' म्हणजे तांबूस हरिणी. विदर्भ-मराठवाड्यात नीलगाईला आजही 'रोही' म्हणतात. या वाटेने गेले तर रोहिणीचे जळ म्हणजे हरिणीचे जळ, मृगजळाचेच स्त्रीलिंगी रूप. दुसरी वाट पंचांगातून जाते. सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो तो २५ मेच्या सुमारास, आणि मृगात ७-८ जूनला. रोहिणी म्हणजे तापलेल्या मातीचे शेवटचे दिवस. आता एक हिशेब करू. अयनचलनामुळे नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या मानाने साधारण ७१-७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९० ची. त्या वेळी रोहिणी आजच्यापेक्षा सुमारे १० दिवस आधी, ऋतुमानाने १५ मेच्या आसपास लागत असणार. म्हणजे गोदाकाठचा माळ सर्वाधिक पेटलेला असतो नेमके ते दिवस. त्या पंधरवड्यात माळावर जे पाणी दिसते ते रोहिणीचे पाणी, हा अर्थ मला अधिक पटतो. नाव देणारा माणूस शेतात उभा होता, कोशात डोके घालून बसला नव्हता.

पण या दोन वाटा आकाशात एकत्र येतात, आणि तिथली कथा विलक्षण आहे. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती स्वतःच्या कन्येवर आसक्त होतो. ती रोहित् म्हणजे हरिणी झाली, तो ऋश्य म्हणजे हरीण होऊन तिच्या मागे गेला. देवांना हे अघटित वाटले. त्यांनी आपापल्या घोर अंशांतून एक रुद्ररूप उभे केले आणि त्याने बाण मारला. तो विद्ध हरीण म्हणजे मृग नक्षत्र, बाण म्हणजे त्यातल्या तीन ठळक तारका, मारणारा तो मृगव्याध, आणि पुढे निघून गेलेली ती रोहिणी. लोकमान्य टिळकांनी 'ओरायन' या १८९३ च्या ग्रंथात याच नक्षत्राच्या आधारे वेदकाळ ठरवण्याचा प्रयत्न केला. तो कालनिर्णय बाजूला ठेवला तरी चित्र डोळ्यांपुढून हटत नाही. हिवाळ्याच्या रात्री रोहिणी आधी उगवते, मागून मृग येतो. त्यांच्यातले अंतर कमी होत नाही. मृगजळ हा शब्द या कथेतून जन्मला असे म्हणणे मात्र अतिरेक होईल. तसे म्हणण्याचा मोह पुष्कळांना होतो, म्हणून मुद्दाम नोंदवतो. कथेतल्या मृगाला पाणी नको आहे, आणि मृगजळातल्या मृगाला पाण्याखेरीज काही नको आहे.

रामायणातला मृग तर आणखी उलटा. नाशिकच्या पंचवटीशी आपण ज्याची कथा जोडतो तो कांचनमृग धावतो, पण कशाच्या मागे नव्हे. त्याच्या मागे इतर धावतात. त्याच्या रूपात आलेल्या राक्षसाचे नाव मारीच, आणि ते 'मरीचि'शी जुळणारे. मराठीत 'कांचनमृगामागे धावणे' आणि 'मृगजळामागे धावणे' हे वाक्प्रचार सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. वास्तविक कांचनमृगाच्या मागे एक कट आहे. कुणीतरी तो मृग पाठवला आहे, आणि पाठवणाऱ्याचे नाव-गाव ठाऊक आहे. मृगजळ कुणीच पाठवलेले नसते. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

आता तृष्णेकडे वळू. मराठीत 'तृष्णा' आणि 'तहान' हे दोन्ही शब्द आहेत आणि दोन्ही एकाच मुळाचे. संस्कृत 'तृष्णा', प्राकृत 'तण्हा', मराठी 'तहान'. बुद्धाने दुःखाचे मूळ म्हणून जिच्याकडे बोट दाखवले ती तण्हाच मराठीत तहान होऊन उतरली. पण उतरताना तिचे पाप धुऊन निघाले. तहान ही शरीराची रास्त गरज. तहानलेल्याला पाणी द्यावे, त्याला उपदेश करू नये, हे मराठीत लहान मुलालाही कळते. दोष सगळा तत्सम रूपाकडे राहिला: तृष्णा म्हणजे हाव, वासना, न संपणारी इच्छा. भाषेने एका शब्दाचे दोन केले आणि एकाला कोर्टात उभे केले.

या वाटणीचा एक नमुना वामन पंडितांकडे सापडतो. भर्तृहरीच्या नीतिशतकातला मूर्खाविषयीचा श्लोक प्रसिद्ध आहे. वाळूतून तेल निघेल, मृगतृष्णिकेतले पाणी पिऊन तहान भागेल, पण मूर्खाचे समाधान होणार नाही, असा त्याचा आशय. सतराव्या शतकातल्या वामन पंडितांनी केलेला त्याचा मराठी श्लोक पिढ्यान्पिढ्या शाळकरी मुलांच्या तोंडी राहिला. भर्तृहरीच्या मूळ श्लोकात 'मृगतृष्णिका' हा एकच शब्द आहे. मराठीत आल्यावर त्याची फाळणी होते. तृष्णा तृषार्त माणसाकडे जाते आणि हरणाच्या वाट्याला जळ येते. पंडितांनी हे वृत्तासाठी केले असेल, किंवा 'मृगजळ' हा शब्द तोवर मराठीत इतका घट्ट बसला असेल की दुसरा सुचलाही नसेल. ते काहीही असो, परिणाम ठळक आहे. संस्कृत शब्दात तहान आणि भास एकमेकांना चिकटलेले होते: तृष्णा आहे म्हणून पाणी दिसते. मराठीत ते सुटे झाले. इकडे तहानलेला माणूस, तिकडे पाणी, आणि मध्ये अंतर.

मध्ये अंतर आले की कहाणी 'मिळण्या-न मिळण्याची' होते. वेदान्त्याच्या मृगजळात अंतराला काही अर्थच नव्हता, कारण पलीकडे कुणी कितीही चालून गेले तरी हाती ऊनच लागणार. आधुनिक मराठीतल्या मृगजळात मात्र पलीकडे खरोखरच काहीतरी असते, फक्त ते आपल्याला लाभत नाही. घर मृगजळ आहे असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्या घरात दुसरे कुणीतरी राहत असते, दिवे लावत असते, सोसायटीच्या सभेला जात असते. नोकरी मृगजळ आहे असे म्हणतो, तेव्हा ती जागा मंजूर असते आणि रिकामी ठेवलेली असते. ज्या पाण्याला आपण मृगजळ म्हणतो, ते पाणी नदीत वाहत असते.

पाण्याचे उदाहरण जरा विस्ताराने घेतो, कारण तिथे हा शब्द सर्वांत जास्त वापरला गेला आणि तिथेच तो सर्वांत जास्त चुकला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत हे तालुके कृष्णेच्याच खोऱ्यातले, पण नदीपासून दूर आणि उंचावर. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासारखे कार्यकर्ते आणि हजारो शेतकरी कृष्णेच्या पाण्यातला वाटा मागत होते. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. कराडजवळच्या टेंभू येथून पाणी टप्प्याटप्प्याने उचलून पूर्वेकडे न्यायची योजना कागदावर आली. त्यानंतरची कितीतरी वर्षे या पाण्याला मृगजळ म्हणण्यात गेली. पुढारी म्हणत, वार्ताहर म्हणत, कंटाळलेले शेतकरीही म्हणत. पण पाणी परिषदेला बसलेला माणूस मृगजळामागे धावत नव्हता. तो नसलेले पाणी मागत नव्हता. दुसरीकडे वळवलेल्या पाण्यातला आपला हिस्सा मागत होता. आणि पुढे टेंभूचे पाणी आटपाडीच्या रानात आलेही. उशिरा आले, सगळ्यांना सारखे आले नाही, विजेच्या बिलाचे तंटे घेऊन आले. पण त्यावर डाळिंबे लागली. ज्ञानदेवांची कसोटी साळी-केळीची होती. तिला जे पाणी उतरते ते मृगजळ नव्हे.

कुणी म्हणेल की शब्दांचे अर्थ बदलतातच. मूळ अर्थाला कवटाळून बसणे ही पंडिती हौस झाली. अर्थ बदलायला माझी हरकत नाही. तहानेचे पाप धुऊन निघाले तो बदल मी कौतुकानेच सांगितला आहे. मृगजळाच्या बाबतीत तक्रार अशी आहे की, नवा अर्थ आला पण जुन्या अर्थाचा निकाल तसाच कायम राहिला. जुन्या मृगजळाबरोबर एक शहाणपण येते: पाणी नाहीच, तेव्हा धावू नकोस, थांब, इच्छा आवर. नव्या वापरात पाणी आहे, तरी शहाणपण तेच चिकटून येते. गिरणी कामगाराला घर हे मृगजळ झाले असे सहानुभूतीने लिहिणाऱ्याच्या नकळत त्या वाक्यात 'आता नाद सोडा' हेही लिहिले जाते. सहानुभूती आणि समजूत एकाच शब्दातून गेल्यामुळे लेखकाला आपण काय बोललो याचा पत्ता लागत नाही.

मराठीत दुसरे शब्द नाहीत अशातला भाग नाही. उलट अप्राप्य गोष्टींची आपल्याकडे मोठी श्रीमंती आहे. जे दिसतही नाही आणि नसतेही, ते खपुष्प. जे दिसते पण नसते, ते मृगजळ. जे दिसते, असते, पण कुणाच्याच हाताला लागत नाही, त्यासाठी बाळरामाने मागितलेला चंद्र आहे. माणूस १९६९ मध्ये त्यावर चालून आला असला तरी हट्टाचे उदाहरण म्हणून तो अजून चालतो. आणि जे असते, मिळण्याजोगे असते, पण दिले जात नाही, त्यासाठी बोलीत खणखणीत प्रयोग आहेत. 'गाजर दाखवणे' पाहा. गाजर खरे असते, खाण्याजोगे असते, आणि ते धरणारा एक हात असतो. 'तोंडाला पाने पुसणे' यात तर पुसणारा तोंडासमोर उभा असतो. कांचनमृगातही पाठवणारा होता. 'मृगजळ' या शब्दात मात्र कुणीच नाही. ऊन आहे, माळ आहे, तहानलेला आहे. जबाबदार असे कुणी नाही. मथळे लिहिणाऱ्यांना हा शब्द इतका का आवडतो, याचे एक कारण हेही असावे. गाजर म्हटले की कुणाचे, हे विचारावे लागते.

शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द फारसा नसतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच्याकडे मृग म्हणजे नक्षत्र. मृग निघाला की नाही, किडा दिसला की नाही, पेरा साधेल की नाही, हे त्याचे मृगाविषयीचे प्रश्न. त्याच्या लेखी 'मिरगाचे पाणी' म्हणजे वर्षातले सर्वांत भरवशाचे पाणी असायला हवे. ते आले नाही तर तो 'मृगाने हुलकावणी दिली' असे म्हणतो. हुलकावणी देणारा कुणीतरी असतो. तो यायचा होता, आला नाही, आणि अजून येऊ शकतो. म्हणून तर मृग कोरडा गेला तरी बियाणे घरातच ठेवून तो आर्द्राची वाट पाहतो.